मागच्या चाकाचा आवाज
(ज्ञातिमंडळाच्या डोंबिवली येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहातील वाढता खर्च अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे होत असतात. यंदा चिटणीसांनी विषयाची निवड माझ्यावरच सोपविली, आणि मी निवडला तो विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. मोटारीच्या मागच्या चाकातून येणारा आवाज कसा ओळखावा, याविषयी मी बोलणार आहे. मी पडलो मॅट्रिक झालेला शाळामास्तर. यंत्रशास्त्राची पदवी मजपाशी नाही. परंतु हा विषय मला फार महाग पडलेला आहे, आणि तो आणखी कोणास तसा पडू नये, एवढ्याच हेतूने आज उभा आहे.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पसरलेल्या आपल्या ज्ञातीत आज कितीतरी तरुण वाहनावर पोट भरतात. कोणी रिक्षा चालवितो, कोणी भिवंडीच्या गोदामांतून टेम्पोने माल आणतो, कोणी शाळेची मुले नेतो-आणतो. शिवाय आपण सारेच वर्षातून एकदा कुलदैवताच्या दर्शनास किंवा सप्तशृंगगडावर जाण्यासाठी भाड्याची गाडी करतो आणि घरातील लहानथोर तीत बसवून कसारा घाट चढतो. तेव्हा मागच्या चाकात काय चालले आहे, हा प्रश्न केवळ गाडीच्या मालकाचा राहत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक पुतण्या जुनी व्हॅन घेऊन शाळेची मुले नेण्याचा व्यवसाय करीत असे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि गाडीच्या मागील भागातून बारीक घूं घूं असा आवाज येऊ लागला. गाडी एक दिवस उभी राहिली तर पालकांचे फोन येतात, दोन दिवस उभी राहिली तर मुले दुसऱ्या गाडीत जातात, आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाही. म्हणून त्याने प्रथम सर्वांत स्वस्त उपाय केला. रेडिओचा आवाज वाढविला. जुलै उजाडला तेव्हा घूं घूं जाऊन घरघर सुरू झाली. एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तेथील मनुष्याने चौकात एक फेरी मारली आणि "डिफरन्शिअल गेले" असे सांगितले. पुतण्या माझ्याकडे आला. मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "मुलांच्या जिवाशी खेळ नको. पैसे मी देतो, बदलून टाक." अठरा हजार रुपये गेले, क्राउन-पिनियन नवे बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घरघरतच शाळेपुढे उभी राहिली!

चूक गॅरेजवाल्याची होती तितकीच माझीही होती. जन्मभर मुलांना "आधी उदाहरण नीट वाचा, मग गुणाकार-भागाकार करा" असे सांगणाऱ्या मी स्वतः मात्र उदाहरण न वाचताच उत्तर विकत घेतले होते.

हे उदाहरण नीट मांडावयाचे तर मागच्या आसाची रचना आधी ध्यानात घ्यावयास हवी. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर आपापली स्वतंत्र फिरतात; ओढण्याचे काम बैल करतात. मोटारीत चाकांनीच ओढावयाचे असते. इंजिनाची फिरत लांब प्रोपेलर शाफ्टने मागे येते, तिच्या टोकाला पिनियन हे लहान दंतचक्र असते, ते क्राउन या मोठ्या दंतचक्रास फिरविते, आणि तेथून दोन बाजूंच्या दोन चाकांना गती मिळते. आता शाळेच्या कवायतीत मुलांची आडवी रांग वळविताना काय होते ते आठवा. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागीच पाय आपटतो, आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडीच्या चाकांचेही वळणावर तसेच होते. दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट जखडली तर एक तरी घसटत जाईल. ती अडचण दूर करण्यासाठी क्राउनच्या पोटात आणखी लहान दंतचक्रे बसविलेली असतात. क्राउनची गती ही दोन चाकांच्या गतीची सरासरी असते. एक चाक जितके मागे राहील तितके दुसरे पुढे जाते. या योजनेस डिफरन्शिअल म्हणतात. याखेरीज प्रत्येक चाकाजवळ एक बेअरिंग असते. पोलादाच्या दोन कड्यांमध्ये छर्रे किंवा रूळ बसविलेले, आणि गाडीचा सारा भार त्यांवर तोललेला.

येथे आपल्या परिसरातील एक उदाहरण उपयोगी पडेल. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सचे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी त्यांची पद्मिनी मागच्या चाकांनी चाले. तिचे डिफरन्शिअल मागच्या आसात असे. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्याच कंपनीच्या आपल्या डोंबिवलीजवळच्या, कल्याण-शीळ रस्त्यावरील कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ या मोटारी जोडल्या जात. ती गाडी पुढच्या चाकांनी चालणारी होती. तिचे डिफरन्शिअल पुढे, गिअरबॉक्सला लागूनच. तेव्हा पहिला प्रश्न हाच की, आपली गाडी कोणत्या जातीची? आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक लहान मोटारी प्यूजोच्या जातीच्या आहेत. त्यांच्या मागील भागातून घरघर आली तर ती डिफरन्शिअलची असणे शक्यच नाही. टायर किंवा बेअरिंग यांकडेच पाहावे. पण ओम्नी, ईको, बोलेरो, सुमो या गाड्या पद्मिनीच्या जातीच्या. त्यांत मात्र दोहोंचा संशय येतो आणि खरा घोटाळा तेथेच होतो.

आता पुन्हा आमच्या गाडीकडे वळू. कोणी तरी कल्याणच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींचे नाव सुचविले. आम्ही गाडी घेऊन गेलो. मला वाटले, आता हे गाडीखाली शिरतील. पण त्यांनी पान्याला हातही लावला नाही. स्टुलावर बसून त्यांनी पुतण्याला विचारले, "रस्ता बदलला की आवाज बदलतो का? पेडलवरचा पाय उचलला की बदलतो का? वळणावर बदलतो का?" तिन्ही प्रश्नांना पुतण्याचे उत्तर एकच, "लक्ष दिले नाही." मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, रविवारी सकाळी मुरबाड रस्त्याने एक चक्कर मारा. तुम्ही मागे बसा, त्याला चालवू द्या. ही तीन उत्तरे घेऊन या, मग मी गाडी उघडतो."

हे तीन प्रश्न म्हणजेच आजच्या व्याख्यानाचा गाभा होय. म्हणून ते क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न रस्त्याचा. टायर झिजून त्यावर उंचसखल लाटा पडल्या की तो अगदी बेअरिंगसारखा घोंघावतो. परंतु टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे पालटतो. कल्याण-शीळसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तो वाढतो, गुळगुळीत डांबरावर उतरतो. बेअरिंग किंवा दंतचक्रे यांना खालचा रस्ता कोणता याची फारशी दखल नसते. शंका राहिली तर पुढचे टायर मागे व मागचे पुढे लावून पाहावे. आवाजही जागा बदलून पुढे गेला, तर दोष टायरचा.

दुसरा प्रश्न पायाचा, म्हणजेच ॲक्सिलरेटरचा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० किलोमीटर वेग ठेवावा. प्रथम थोडा जोर द्यावा, मग वेग स्थिर ठेवण्यापुरता ठेवावा, आणि शेवटी पाय उचलून गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. जोर देताना पिनियन क्राउनला ढकलते, तेव्हा दात एका अंगाने घासतात. पाय उचलल्यावर चाके पिनियनला ढकलतात, तेव्हा ते दुसऱ्या अंगाने घासतात. म्हणून दातांचा आवाज या तीन अवस्थांत स्पष्टपणे बदलतो. जोर देताच गुंईं असा सूर निघून पाय उचलताच तो थांबला, किंवा याच्या उलट झाले, तर क्राउन-पिनियनचा संशय घ्यावा. चाकाच्या बेअरिंगला मात्र इंजिन ढकलते आहे की नाही, याच्याशी कर्तव्य नसते. चाक फिरते आहे तोवर ते वेगाच्या प्रमाणात घरघरत राहते.

तिसरा प्रश्न वळणाचा. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर पडतो, आणि उजवीकडे वळते तेव्हा डाव्या चाकांवर. ज्याचे बेअरिंग खराब, त्याच्यावर भार येताच घरघर वाढते, भार उतरताच कमी होते. म्हणजे डाव्या वळणावर आवाज वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग आणि उजव्या वळणावर वाढला तर बहुधा डावे. 'बहुधा' हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला आहे, कारण क्वचित याच्या उलटही घडते. म्हणून गाडी उचलून खात्री केल्यावाचून काहीही बदलू नये. सरळ रस्त्यावर पूर्ण शांतता आणि अगदी तीव्र वळणावरच दळल्यासारखा आवाज, असे असेल तर डिफरन्शिअलच्या पोटातील लहान दंतचक्रांकडे पाहावे.

यात एक फसवी जागा आहे. पिनियनलाही स्वतःची बेअरिंगे असतात, आणि त्यांचा आवाज चाकाच्या बेअरिंगसारखाच सतत येतो. येथे थोडे अंकगणित कामास येते. चाकाचा परीघ २ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास १,००० मीटर. चाक मिनिटाला ५०० वेळा फिरले. पिनियन चाकाच्या सुमारे चौपट फिरते असे धरले, तर त्याच्या फेऱ्या झाल्या २,०००. म्हणून पिनियनच्या बेअरिंगचा सूर चढा व बारीक असतो, तर चाकाच्या बेअरिंगचा सूर जाड, खर्जातला. शिवाय वळणाने पिनियनचा सूर बदलत नाही. दात तुटला असेल तर 'टक् टक्' ऐकू येते. चाकाच्या एका फेरीस एकदा आले तर तुटका दात क्राउनचा, सुमारे चारदा आले तर पिनियनचा. आणि गाडी सुटताना किंवा गिअर बदलताना एकदाच 'टक्क' होत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत. ते स्वस्तातले काम आहे.

त्या रविवारी पहाटे आम्ही निघालो. मी वही घेऊन मागच्या बाकावर बसलो. परीक्षकाच्या खुर्चीत आयुष्य गेले, पण इतक्या लक्षपूर्वक मी कोणाची तोंडी परीक्षा घेतली नसेल. रस्ता बदलला, आवाज बदलला नाही. पाय उचलला, आवाज बदलला नाही. डावे वळण आले, घरघर वाढली. उजवे आले, ती जवळजवळ थांबली. चार वळणांवर चारदा तेच. परत येऊन वही मिस्त्रींपुढे ठेवली. ते म्हणाले, "उजवे मागचे. पण पाहून घेऊ."

पाहण्याची रीतही सांगतो. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. मग चाक वर व खाली धरून हलवून पाहावे. खटखट हालले तर बेअरिंग सैल आहे. नंतर एका हाताने चाक फिरवावे आणि दुसरा हात जवळच्या पाट्यावर किंवा स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते. दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून पाहाव्यात. नुसत्या एका बाजूवरून निर्णय करू नये. एकच चाक उचलून इंजिनाच्या जोरावर फिरविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. एक चाक जमिनीवर थांबलेले असेल, तर मघाच्या सरासरीच्या नियमाने दुसरे दुप्पट वेगाने फिरते, आणि थांबलेल्या चाकाने जमिनीवर पकड घेतली की गाडी घोडीवरून उडी घेते.

आमचे उजवे चाक फिरविले तेव्हा हाताला वाळू दळल्याचा भास झाला. ड्रम काढला, आणि जे दिसले त्याने माझ्या अंगावर काटा आला. बेअरिंग हलल्यामुळे ऑइल सील फाटले होते, आसातले तेल ड्रममध्ये उतरले होते, आणि ब्रेकचे लायनर तेलात भिजून काळे पडले होते. या जातीच्या व्हॅनमध्ये मागचे चाक, त्याचा शाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांत घट्ट बसविलेले असतात, आणि शाफ्टला जागेवर धरून ठेवण्याचे काम त्या बेअरिंगकडेच असते. ते पुरते फुटले किंवा त्याचे कडे सुटले, तर शाफ्टसकट चाक बाहेर येऊ शकते. त्या गाडीत रोज सकाळी मुले बसत होती. आणि आम्ही अठरा हजार रुपये खर्चून, निर्धास्त होऊन, त्यांना आणखी आठ दिवस त्याच चाकावर शाळेत पाठविले होते. अठरा हजारांचे दुःख आता उरले नाही. त्या आठ दिवसांची आठवण मात्र अजूनही झोप उडविते. नवे बेअरिंग, सील आणि लायनर मिळून जो खर्च आला, तो पहिल्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नव्हता.

बेअरिंग बिघडले कशाने, याचे उत्तर आपल्या पावसात आहे. २६ जुलै २००५ चा जलप्रलय आपण विसरलेलो नाही. परंतु दर पावसाळ्यात सखल रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचतेच. धावून तापलेला आस थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील जुने असेल तर पाणी आत ओढले जाते. मग तेल ताकासारखे पांढुरके होते, आणि त्याची वंगणशक्ती जाते. म्हणून अशा पाण्यातून गाडी न्यावी लागली तर डिफरन्शिअलचे तेल लौकर तपासावे. तेलाची पातळी भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत हवी. काढलेल्या तेलातून चुंबक फिरवावे. त्यास राखाडी, लोण्यासारखा मऊ थर चिकटला तर ती नेहमीची झीज होय. चकाकणारे कण किंवा कपच्या सापडल्या तर आत काही तरी तुटते आहे. आसावर हवा सुटण्याचे एक लहान तोंड असते. ते चिखलाने बुजले तर तापलेल्या हवेचा दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. ते साफ ठेवण्यास पैसाही पडत नाही.

दुरुस्तीविषयी दोनच सूचना करतो. बेअरिंग बदलताना सीलही नवे घालावे, आणि दोन्ही पावती घेऊन खरेदी करावीत. नकली माल बाजारात पुष्कळ आहे. आणि बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू देऊ नये; जे कडे घट्ट बसवावयाचे त्याच कड्यावर दाब द्यावा. अन्यथा छर्ऱ्यांना पहिल्याच दिवशी खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग जुन्यासारखे बोलू लागते.

तरुण बांधवांस आणखी एक विनंती. ही परीक्षा गर्दीच्या रस्त्यावर, मुले किंवा उतारू बसलेले असताना करू नये. आणि आवाज ऐकण्याच्या निमित्ताने घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. विजेवर चालणारी वाहने आता वाढत आहेत. त्यांत इंजिनाचा आवाज नसल्याने बेअरिंगची कुरबुर लौकर ऐकू येईल. पण ऐकणारा हवा!

अध्यक्षमहाराज, शेवटी मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवून मी आपली रजा घेतो. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो योग्यच आहे. त्याबरोबर वर्षातून दोन रविवार, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि एक दिवाळीनंतर, वाहनावर उपजीविका करणाऱ्या आपल्या बांधवांसाठी राखून ठेवावेत. ज्ञातीत अनुभवी कारागीर आहेत. त्यांनी चार तास द्यावेत, दोन घोड्या आणि एक जॅक मंडळाने घ्यावा. आणि ज्याच्या गाडीत दोष सापडेल त्याचा धंदा दोन दिवस बंद राहील, तेव्हा दुसऱ्याने त्याची मुले शाळेत पोहोचवावीत व तो पुन्हा उभा राहताच ती त्यास परत द्यावीत. माझ्या पुतण्याने रेडिओचा आवाज वाढविला तो निष्काळजीपणाने नव्हे. दोन दिवस गाडी उभी ठेवणे त्यास परवडत नव्हते म्हणून. ती सोय ज्ञातीने केली, तर चाकाचा आवाज ऐकण्याचे धैर्य त्यास आपोआप येईल.

 घरी जाताना आपल्या गाडीतील रेडिओ थोडा वेळ बंद ठेवा, एवढेच मागतो.